प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र थ्रॉटल: जॉयस्टिकवरील बटणांच्या नेमणुकीची पार्श्वभूमी

संगणकावर दोन किंवा चार इंजिनांचे विमान उडवताना प्रत्येक इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, वेगळा हलवता यावा, म्हणून जॉयस्टिकवरील बटणे त्या त्या इंजिनाला नेमून देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ही पद्धत एका जुन्या टंचाईतून जन्माला आली. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात फ्लाइट सिम्युलेटरची आवड असलेल्या बहुतेक मुलांकडे एकच थ्रॉटलपट्टी असलेली साधी जॉयस्टिक असते आणि अनेक दांड्यांचे महागडे थ्रॉटल घेणे फार थोड्यांना परवडते, त्यामुळे ती टंचाई आपल्याकडे अजून सरलेली नाही. म्हणूनच तिचा इतिहास माहीत असणे उपयोगाचे आहे.

इंजिने वेगवेगळी हाताळण्याची गरज का पडते, हे पाहायला आपल्याला बेळगावच्या सांबरा विमानतळापलीकडे जावे लागत नाही. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बांधलेल्या या विमानतळावर अलीकडच्या वर्षांत एटीआर ७२ आणि एम्ब्रेअर १४५ ही दोन्ही विमाने लोकांच्या परिचयाची झाली. दोन्ही विमाने दोन इंजिनांचीच, पण एटीआरची इंजिने पंखांवर, धडापासून दूर असतात, तर एम्ब्रेअर १४५ ची शेपटीजवळ, धडाला चिकटून असतात. बैलजोडीतला एक बैल मागे पडला की गाडी त्याच अंगाला वळते, तसे एका इंजिनाचा जोर गेला की विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागते. आणि इंजिन मध्यरेषेपासून जितके दूर, तितका हा ओढा मोठा. एटीआरमध्ये आणखी एक गोष्ट जमिनीवरूनच पाहायला मिळते. या विमानात उभे असताना वीज पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते, म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन मात्र चालू ठेवतात. डावे पूर्ण बंद, उजवे चालू पण त्याचा पंखा स्थिर, अशी ही अवस्था एकाच सामायिक थ्रॉटलने सिम्युलेटरमध्ये नीट उभी करता येत नाही.

इंजिन बंद पडल्यावर कोणते बंद पडले याची खात्री करण्याची वैमानिकांची जी रीत आहे, तीही स्वतंत्र थ्रॉटलवरच उभी आहे. सरळ उडण्यासाठी ज्या पायाने पेडल दाबावे लागत नाही, त्या बाजूचे इंजिन मेलेले असे आधी अनुमान करायचे, मग त्याच बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचा आणि विमानाच्या चालीत फरक पडत नाही हे पाहूनच पुढचे पाऊल उचलायचे. ही पडताळणी चुकली तर काय होते, हे ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत दिसले. ट्रान्सएशिया या विमान कंपनीच्या एटीआर ७२ विमानाचे उजवे इंजिन जोर देईनासे झाले असताना डाव्या, चांगल्या इंजिनाचा जोर कमी करून ते बंद करण्यात आले आणि विमान नदीत कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला. सिम्युलेटरवर सराव करणाऱ्याला हा प्रसंग समजून घ्यायचा असेल, तर त्याच्या हाताशी दोन वेगळे थ्रॉटल असलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

पण घरगुती संगणकाने सुरुवातीला तेवढी जागाच ठेवली नव्हती. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या गेम अडॅप्टरला, म्हणजे जॉयस्टिक जोडण्याच्या कार्डाला, चार अक्ष (दांडा किंवा पट्टी कुठवर हलली हे सांगणारी मापे) आणि चार बटणे एवढेच कळत असे. दांड्याबरोबर बदलणाऱ्या, जॉयस्टिकमधील विद्युत रोधाची किंमत थेट मोजण्याची सोय त्यात नव्हती. टायमरचा संकेत किती वेळ टिकतो हे प्रोसेसर मोजत राही आणि त्यावरून दांडा कुठे आहे हे ठरवी. चार अक्षांपैकी दोन दांड्याच्या हालचालींना, तिसरा पायाच्या पेडलला आणि चौथा थ्रॉटलला दिला की खाते संपले. थ्रस्टमास्टरसारख्या उत्पादकांनी तर नजर फिरवण्याच्या चार दिशांच्या कळीसाठी यातलाच एक अक्ष वापरला. दुसऱ्या इंजिनाच्या थ्रॉटलसाठी अक्ष उरणार कुठून?

त्या काळच्या सिम्युलेटरमधील विमानांनी ही अडचण काही काळ झाकून ठेवली. ब्रूस आर्टविक यांच्या कामातून उभे राहिलेले मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आले, तेव्हा त्यात एका इंजिनाचे सेसना १८२ होते. पुढे अनेक इंजिनांची विमाने आली, तेव्हा कीबोर्डवर तोडगा निघाला: 'ई' दाबून लगेच १, २, ३ किंवा ४ दाबले की ते इंजिन निवडले जाते आणि त्यानंतरची प्रत्येक आज्ञा त्यालाच लागू होते. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या, मुक्त परवान्याच्या फ्लाइटगियर या सिम्युलेटरनेही निवडीची हीच कल्पना घेतली; तिथे उद्गारचिन्हाने पहिले इंजिन निवडले जाते आणि लहरी रेघेच्या चिन्हाने पुन्हा सगळी. या पद्धतीत अक्ष वाचतो, पण कोणते इंजिन निवडलेले आहे हे चालवणाऱ्याला लक्षात ठेवावे लागते. उतरण्याच्या घाईत, दोन्ही थ्रॉटल पुढे ढकलतो आहोत अशा समजुतीत एकच पुढे जातो, आणि धावपट्टी समोर असताना विमान आडवे वळते. थेट नेमणुकीची बटणे मला अधिक भरवशाची वाटतात ती यामुळेच.

तशी नेमणूक शक्य झाली ती यूएसबीमुळे. १९९६ मध्ये त्याचे पहिले मानक ठरले आणि पुढच्या काही वर्षांत गेम अडॅप्टरचा जुना पंधरा पिनांचा जोड मागे पडला. जॉयस्टिकची माहिती खेळापर्यंत पोहोचवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टइनपुट या प्रणालीत एका जॉयस्टिकला आठ अक्ष, आणि विस्तारित रचनेत १२८ बटणे मोजता येऊ लागली. दोन, तीन, सहा दांड्यांची थ्रॉटल बाजारात आली. मात्र स्वस्त जॉयस्टिकवर वाढली ती बटणे, थ्रॉटलची पट्टी एकच राहिली.

फ्लाइटगियरमध्ये ही नेमणूक एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिली जाते, त्यामुळे तिची रचना उघड्यावर पाहता येते. प्रत्येक इंजिनाच्या थ्रॉटलला स्वतःचा पत्ता असतो आणि तिथे ० ते १ मधली एक किंमत असते. बटणाला तो पत्ता, किंमत वाढवण्या-कमी करण्याची आज्ञा आणि पायरीचे माप दिले की काम होते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे इंजिनांची आणि बटणांची मोजणी तिथे शून्यापासून होते, म्हणजे एटीआरचे डावे इंजिन शून्य आणि उजवे एक. दुसरी म्हणजे बटण दाबून धरल्यावर आज्ञा पुन्हा पुन्हा लागू व्हावी, हे वेगळे सांगावे लागते. तसे सांगितले नाही तर ०.०१ च्या पायरीने थ्रॉटल मागच्या टोकापासून पुढच्या टोकाला नेण्यासाठी बटण शंभर वेळा दाबावे लागेल. पायरी ०.०५ केली तर वीस वेळांत काम होते, पण मग दोन इंजिनांचा जोर बारकाईने जुळवणे अवघड जाते. म्हणून लहान पायरी आणि चालू ठेवलेली पुनरावृत्ती, हीच जोडी मला योग्य वाटते.

बारा बटणांची जॉयस्टिक असेल, तर दोन इंजिनांसाठी वाढवण्याची आणि कमी करण्याची मिळून चार बटणे लागतात आणि ब्रेक, फ्लॅप, चाके यांना आठ उरतात. चार इंजिनांच्या विमानाला हाच हिशेब आठ बटणांवर जातो. तिथे डावीकडच्या दोन इंजिनांना एक जोडी आणि उजवीकडच्या दोन इंजिनांना दुसरी जोडी दिली, तरी वळणाचा आणि एका बाजूचा जोर गेल्याचा सराव पुरेसा होतो, आणि पट्टी चारही इंजिनांना मिळून ठेवता येते. फक्त पट्टी किंचित हलली तरी ती बटणांनी केलेला फरक पुसून टाकते, म्हणून सराव संपेपर्यंत तिला हात लावू नये.