मराठी फौजांतील भाडोत्री कवायती पलटणी : पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या मध्यास निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बुसी या फ्रेंच सेनानीच्या कवायती (युरोपीय पद्धतीची कवायत शिकवलेल्या) पायदळाचा मार मराठ्यांनी अनुभवला आणि तशीच फौज आपल्याकडे हवी, ही निकड त्यांना जाणवली. बुसीच्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंच्या चाकरीत आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या पलटणींनी अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या रोहिल्यांची फळी मोडली आणि अब्दालीच्या हाती लागल्यावर त्याला ठार करण्यात आले. पैशासाठी लढणारा माणूस प्राण देत नाही, हा समज त्याच्यापुरता तरी टिकत नाही. उलट, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात थकलेल्या पगाराच्या मागणीचे निमित्त करून शिरलेल्या गारद्यांनी (अशाच भाडोत्री कवायती शिपायांनी) नारायणराव पेशव्यांचा खून केला, तोही घरातल्याच कारस्थानात हत्यार बनून.

या पद्धतीला खरे बळ आले ते महादजी शिंद्यांमुळे. सव्हॉय प्रांतातील शांबेरी येथे जन्मलेला आणि फ्रेंच, रशियन व ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या फौजांत नोकरी करून आलेला द बॉयन १७८४ मध्ये त्यांच्याकडे रुजू झाला. १७९० साली पाटण आणि मेडता येथे त्याच्या पलटणींनी राजपुतांचा पराभव केला. महादजींनी पलटणींच्या खर्चासाठी दोआबातील (गंगा-यमुनेमधील) मुलखाचा वसूल तोडून दिल्यामुळे शिपायांचा पगार वेळेवर होत असे, आणि माझ्या मते या फौजेच्या शिस्तीचे मूळ परक्या कवायतीइतकेच या नियमित पगारात होते. मात्र त्या व्यवस्थेने फौज आणि तिला पोसणारा मुलूख हे दोन्ही एकाच परदेशी अधिकाऱ्याच्या मुठीत गेले. १७९४ मध्ये महादजी वारले, पुढे द बॉयन मायदेशी परतला आणि ही सारी सत्ता पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे आली.

१८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात या रचनेचे दुबळेपण उघडे पडले. शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्यांना कंपनीने जाहीरनाम्याद्वारे आर्थिक आश्वासने दिली. अनेक युरोपीय अधिकारी निघून गेले आणि खुद्द पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिपाई मात्र जागचे हलले नाहीत. असईच्या रणांगणावर तोफखान्यावरील गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची जबर हानी केली, आणि १ नोव्हेंबरला लासवारी येथे बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेलेल्या पलटणी इतक्या चिवटपणे लढल्या की त्यांच्या शौर्याची कबुली विजयी इंग्रज सेनापती लेक यालाही द्यावी लागली. म्हणून पराभवाचा ठपका सरसकट भाडोत्री सैनिकांवर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. मराठी दरबारांनी शिपाई घडवले, तोफा ओतल्या, पण त्यांचे नेतृत्व करणारा आपला अधिकारीवर्ग तयार केला नाही.

इंग्रजांनी हे मर्म अचूक ओळखले होते. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात त्यांनी महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्याकडून लिहून घेतले की इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशाचा माणूस, तसेच कंपनीच्या संमतीवाचून कोणताही इंग्रज, ते चाकरीत ठेवणार नाहीत.