गर्भनिरोधकांचे अपयश

गर्भनिरोधक साधन वापरात असतानाही दिवस राहणे, याला गर्भनिरोधकाचे अपयश म्हणतात. शब्द काहीसा अन्यायकारक आहे, कारण बहुतेक वेळा साधन निकामी ठरलेले नसते. ते उशिरा किंवा अर्धवट वापरलेले असते, किंवा त्या दिवशी वापरलेलेच नसते. म्हणून प्रत्येक साधनाचे दोन आकडे देतात. पहिल्या वर्षात १०० स्त्रियांमागे गर्भ राहण्याचे प्रमाण गोळ्या बिनचूक घेतल्यास एकाहूनही कमी, पण प्रत्यक्षात सुमारे ७ असते. पुरुषांच्या कंडोमसाठी हेच आकडे अंदाजे २ आणि १३ आहेत. तांबी आणि नसबंदीत रोज आठवण ठेवण्याचा प्रश्नच नसल्याने दोन्ही आकडे एकाच्या आत राहतात.

गोळ्यांबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पाकिटाच्या मधली एखादी गोळी चुकली की घबराट उडते. खरा धोका मात्र कडेला असतो. २१ गोळ्यांनंतरच्या सात दिवसांच्या खंडात बीजकोष पुन्हा जागे होऊ लागतात. नवे पाकीट दोन दिवस उशिरा उघडले, तर खंड नऊ दिवसांचा होतो आणि तेवढ्यात स्त्रीबीज बाहेर पडू शकते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर ती न घेतल्यासारखीच. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्माराची काही औषधे यकृताला गोळीतील संप्रेरके झपाट्याने मोडायला लावतात, म्हणून गोळीचा परिणाम घटतो. सरसकट सगळ्या प्रतिजैविकांवर येणारा आळ मात्र खोटा आहे.

कंडोम फाटतो, निसटतो. पण तो संबंध सुरू झाल्यावर चढवणे ही नेहमीची चूक. तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास कंडोमचे रबर (लॅटेक्स) काही मिनिटांत कमकुवत होते. ‘सुरक्षित दिवस’ मोजणाऱ्यांचे गणित चुकते ते शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात म्हणून, आणि स्त्रीबीज दर महिन्याला ठरल्या दिवशीच सुटेल असे नसते म्हणूनही.

पुरुष नसबंदीनंतर नळीत उरलेले शुक्राणू संपायला साधारण तीन महिने लागतात. वीर्यतपासणी होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. स्त्रीची नसबंदी झालेली असताना किंवा तांबी बसवलेली असताना गर्भ राहणे दुर्मीळ. पण राहिलाच, तर तो गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, असण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते. अशा स्त्रीची पाळी चुकून ओटीपोटात दुखू लागले, तर तातडीने तपासणी करावी लागते.