जखमी रनर आणि २००८ चा तो होमरन

आपल्याकडे 'रनर' म्हटलं की क्रिकेटच डोळ्यासमोर येतं. बॅट्समनचा पाय आखडला की त्याच्यासाठी पळायला दुसरा कुणीतरी उभा राहायचा, तो (आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ते १ ऑक्टोबर २०११ पासून बंदच झालं). सॉफ्टबॉलमध्ये (बेसबॉलसारखाच खेळ, चार बेस म्हणजे मैदानातले चार टप्पे, ते ओळीने पाय लावून पूर्ण केले की एक रन) मात्र बेसवर असलेली खेळाडूच रनर, आणि तिला दुखापत झाली तर तिच्या जागी बदली खेळाडू येते, ती कुणाच्या वतीने पळत नाही, ती स्वतःच रनर होते. हा फरक लक्षात नसला तर पुढचं सगळंच गोंधळाचं वाटतं.

 आपल्या कामाचा नियम एवढाच की बॉल जिवंत असताना, म्हणजे खेळ चालू असताना, कोणी पडलं तरी अम्पायर शक्यतो प्ले संपेपर्यंत थांबतो, दुखापत फारच गंभीर असेल तरच आधी थांबवतो. होमरन, म्हणजे मारलेला बॉल थेट फेन्सपलीकडे गेला की मात्र बॉल डेड, म्हणजे खेळ थांबलेला, चारही बेस हक्काचे, घाई कसलीच नाही. बेसबॉलमध्येही तसंच. २००५ मध्ये टोरंटोत पाहुण्या टीमचा एक रनर सहकाऱ्याच्या होमरनवर बेस पळता पळताच टाचेची शीर तुटून कोसळला, बदली रनर आला, त्याने उरलेले बेस पूर्ण केले आणि रन धरला गेला.

आणि तरी २६ एप्रिल २००८ ला वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्गला कॉलेजच्या मॅचमध्ये उलटं घडलं. ओरेगॉनच्या टीममधली शेवटच्या वर्षाची मुलगी, करिअरमधला पहिलाच होमरन, बेसवर दोघी जणी. आनंदाच्या भरात फर्स्ट बेसला पाय लागायचा राहिला, ते लक्षात आल्यावर मागे वळली आणि गुडघाच गेला, लिगामेंट फाटलं. मातीतून रांगत रांगत तिने कसाबसा फर्स्ट बेस गाठला. अम्पायरचं म्हणणं असं की तिच्याच टीममधल्या कुणी किंवा कोचने हात लावला तर ती आउट, आणि बदली रनर आणला तर होमरन नाही, दोन रनचा सिंगल धरणार, म्हणजे बेसवरच्या दोघींचे रन मिळणार, पण मारणारी फर्स्ट बेसपर्यंतच पोचली असं मानणार.

यातला पहिला भाग बरोबर, पण दुसरा साफ चूक. नंतर स्पष्टही करण्यात आलं की बदली रनर उरलेले बेस पूर्ण करू शकली असती आणि होमरन होमरनच राहिला असता. गोंधळ झाला तो माझ्या मते 'बदली' या शब्दावरच. नेहमीच्या बदलीत नवी रनर आहे त्या बेसवर उभी राहते आणि खेळ तिथून पुढे चालू होतो, पण इथे बेस आधीच मिळालेले होते, फक्त त्यांना पाय लावायचा बाकी होता.

पुढे झालं ते असं. समोरच्या टीमच्या फर्स्ट बेसवाल्या मुलीने विचारलं, आम्ही तिला उचललं तर चालेल का? त्याला मनाई करणारा नियम नव्हता. मग तिने आणि तिच्या टीममधल्या आणखी एकीने जखमी मुलीला उचललं, प्रत्येक बेसपाशी थांबून खाली वाकवायचं, चांगला पाय टेकवायचा, पुढे जायचं. मॅच ओरेगॉनने ४-२ ने जिंकली, म्हणजे उचलणाऱ्या हरल्या.

त्या दोघींचं कौतुक व्हायलाच हवं, जगभर झालंही. पण या कौतुकात अम्पायरिंगची चूक झाकली गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. नियम नीट लावला असता तर त्या मुलीचा एकुलता एक होमरन समोरच्या टीमच्या चांगुलपणावर अवलंबून राहिला नसता, आणि फाटलेल्या गुडघ्यानिशी तिला तीन बेस फिरवायची वेळही आली नसती.