परदेशात शिक्षण किंवा नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कागदपत्रांची माहिती

लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि बीड जिल्ह्यांतून आमच्या कार्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'कोणता देश बरा' असा असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही घरातील कागद मागवून घेतो. व्हिसा अधिकारी अर्जदाराला ओळखत नाही आणि त्याच्या घराण्याची गावातील पतही त्याला ठाऊक नसते. त्याच्यापुढे केवळ फाईल असते आणि तीतील एक कागद दुसऱ्याशी जुळला नाही, तर गुणवत्ता व पैसा असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून या माहितीपत्रकात देशांची तुलना केलेली नाही. येथे दिलेल्या रकमा आणि अटी त्या त्या सरकारांकडून वेळोवेळी बदलल्या जातात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी त्या संबंधित देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहाव्यात. आम्हीही प्रत्येक फाईलच्या वेळी तसेच करतो.

नाव, आडनाव आणि जन्मतारीख

दहावीच्या मार्कमेमोवर आधी आडनाव, नंतर विद्यार्थ्याचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर मात्र नावाचा एक आणि आडनावाचा एक असे दोनच रकाने असतात. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात घ्यायचे की नाही, हे पासपोर्टचा अर्ज भरतानाच ठरवावे लागते, कारण पुढे विद्यापीठाचे प्रवेशपत्र, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, बँकेचे कर्ज आणि विमानाचे तिकीट हे सर्व त्याच नावाने निघते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेटीचा व्हिसा न देण्याचा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केला, आणि इतर देशांच्या अर्जांतही अशा पासपोर्टमुळे विनाकारण पत्रव्यवहार वाढतो.

आपल्या भागात 'राव' आणि 'बाई' यांमुळे होणारा घोटाळा याहून अधिक आढळतो. वडील बँकेत बालाजी आणि सातबाऱ्यावर बालाजीराव असतात, आई मुलाच्या मार्कमेमोवर मंगल आणि आधार कार्डावर मंगलबाई असते. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी व्ही असतो, तर दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यू. गावात यात कोणालाही वावगे वाटत नाही. मात्र शिक्षणाचा खर्च वडील करणार असतील, तर बँकेच्या उताऱ्यावरील व्यक्ती आणि अर्जदाराचे वडील एकच आहेत हे कागदाने सिद्ध करावे लागते. फरक किरकोळ असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र बहुधा पुरते. नाव किंवा आडनावच बदललेले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्याची प्रत प्रत्येक फाईलला जोडावी. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, तरीही हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

जन्मतारखेबाबतही तसेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत वेगळी तारीख निघाली, अशी उदाहरणे जुन्या पिढीत सर्रास आढळतात. अर्जदाराच्या स्वतःच्या कागदांत असा फरक असल्यास पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वीच शाळेचा निर्गम उतारा आणि जन्माचा दाखला शेजारी ठेवून पाहावेत.

२०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. ज्यांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ जुन्या नावाने आहे, त्यांनी केवळ तेवढ्यासाठी नवा पासपोर्ट काढण्याची गरज नाही; व्हिसाच्या अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे.

३६ पानी पासपोर्टचे शासकीय शुल्क १,५०० रुपये असून तत्काळ सेवेसाठी आणखी २,००० रुपये भरावे लागतात. पोलीस पडताळणीच्या प्रमाणपत्राचा अर्ज पासपोर्टच्याच शासकीय संकेतस्थळावर करता येतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. मराठवाड्यातील काही शहरांत टपाल कार्यालयातच पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे मुंबई-पुण्याची खेप वाचते.

शैक्षणिक कागद

लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील पदवीधरांना ट्रान्सक्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला एकत्रित उतारा) नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून घ्यावी लागते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव येथील पदवीधरांना ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडून, तर वैद्यकीय व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले, त्यामुळे त्यापूर्वी पदवी घेतलेल्यांचे अभिलेख छत्रपती संभाजीनगरला असतात. नोकरीसाठी जाणाऱ्या वयस्कर अर्जदारांनी हे ध्यानात घ्यावे.

परदेशात प्रमाणपत्र दाखवण्यापूर्वी ते राज्य शासनाकडून आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करावे लागते. ज्या देशांनी परदेशी कागदांच्या साक्षांकनाविषयीचा हेग करार मान्य केला आहे, त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अ‍ॅपोस्टिल हा शिक्का लागतो. भारत या करारात २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिराती आणि कतार हे देश करारात नसल्यामुळे तेथे जाणाऱ्यांना मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. सौदी अरेबियाने करार २०२२ मध्ये स्वीकारला. हे शिक्के प्रमाणपत्राच्या मागील बाजूस उमटवले किंवा चिकटवले जातात, म्हणून मूळ मार्कमेमो आणि पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नयेत. कागद जपण्याच्या हेतूने पालक हे हमखास करतात आणि लॅमिनेशन सोडवताना छपाईच निघून येते.

जर्मनीत शिकण्यासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाच्या अर्जाआधी एपीएस प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यात आपल्या पदव्यांची तपासणी होते आणि त्यासाठी १८,००० रुपये शुल्क आहे. या तपासणीला लागणारा काळ हिशेबात न धरल्यामुळे प्रवेश हाती असूनही सत्र हुकल्याचे आम्ही पाहिले आहे.

पैशाचा पुरावा

खात्यात पैसा असणे पुरेसे नसते. तो कोणाचा आहे, कोठून आला आणि किती दिवसांपासून आहे, हेही पाहिले जाते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या शुल्कातील उरलेली रक्कम आणि राहण्याचा खर्च इतकी शिल्लक सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. ११ नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याचा खर्च लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड असा, जास्तीत जास्त ९ महिन्यांसाठी धरला जातो, म्हणजे लंडनबाहेर एकूण १०,५३९ पौंड होतात. मधल्या काळात एक दिवसही शिल्लक त्याखाली गेली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. हा पैसा विद्यार्थ्याचा स्वतःचा, आईवडिलांचा किंवा कायदेशीर पालकाचा, अथवा बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा असावा लागतो. एकत्र कुटुंबात चुलत्यांच्या किंवा मामांच्या खात्यातील पैसा घरचाच मानला जातो, परंतु या अर्जासाठी तो चालत नाही.

जर्मनीसाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर त्यांतून दरमहा ९९२ युरो काढता येतात. कॅनडाने १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी ही अट २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली आहे. पहिल्या वर्षाचे शुल्क आणि प्रवासखर्च यांखेरीज ही रक्कम आहे. ऑस्ट्रेलिया २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर राहण्याचा खर्च धरते.

शेतकरी कुटुंबांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेकांनी कधी आयकर विवरणपत्र भरलेले नसते, आणि सोयाबीन, तूर विकल्यावर आडतीवरून मिळालेली रक्कम रोखीने घरी येते. मग अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरली जाते आणि तिचा उगम सांगता येत नाही. आडतीची पट्टी आणि साखर कारखान्याचे ऊसबिल किमान दोन हंगामांचे जपून ठेवावे, विक्रीची रक्कम खात्यातच घ्यावी आणि सातबारा, आठ-अ व तहसीलचा उत्पन्नाचा दाखला यांतील आकडे परस्परांशी विसंगत नाहीत हे पाहावे. शिष्यवृत्तीसाठी कमी आणि व्हिसासाठी जास्त असे दोन वेगवेगळे उत्पन्न दाखवून देण्याची विनंती आमच्याकडे होते; ती आम्ही स्वीकारत नाही.

शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण देता येईल असे पालक गृहीत धरतात. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना जप्तीचे अधिकार देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे बँका ती सहसा घेत नाहीत आणि बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव मागतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा.

परदेशात एमबीबीएस

लातूरमध्ये नीटच्या निकालानंतरच्या आठवड्यात रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान यांच्या जाहिरातींनी भिंती भरतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर देत आहोत. १८ नोव्हेंबर २०२१ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे जे नियम लागू आहेत, त्यांनुसार परदेशी पदवीवर भारतात वैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेतील असावा लागतो. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, आणि भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. सर्व शिक्षण सुरुवातीपासून दहा वर्षांच्या आत पूर्ण झाले पाहिजे, आणि पदवीनंतर त्या देशातील स्थानिक डॉक्टरांप्रमाणे तेथे व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता असली पाहिजे. नीट उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. तिचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.

यांतील शेवटून दुसरी अट एजंट सहसा सांगत नाहीत. एखादे विद्यापीठ स्वस्त असेल, पण परदेशी पदवीधराला तो देश स्वतःच्या भूमीवर परवानाच देत नसेल, तर ती पदवी भारतात कामाची राहत नाही. 'आयोगाची मान्यताप्राप्त यादी' असे छापलेली पत्रकेही बाजारात दिसतात. आयोग परदेशी महाविद्यालयांची अशी यादी प्रसिद्ध करत नाही. भारतात परतल्यावर परदेशी पदवीधरांची परीक्षा ३०० पैकी १५० गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते आणि तीत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. शुल्काचा तक्ता पाहण्यापूर्वी या अटींवर विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे.

नोकरीसाठी जाणारे

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआर (उत्प्रवासन तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार अशा व्यक्तींना सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना शासनाची उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागते. ती ई-मायग्रेट या शासकीय प्रणालीवर मिळते. ईसीआर नोंद असलेल्या महिलांसाठी किमान वय ३० वर्षे आहे. कामगारांसाठीच्या प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता भरून दहा लाख रुपयांचा अपघाती विमा मिळतो.

नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट शासनाकडे नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर कोणालाही पडताळता येतो. 'आधी भेटीच्या व्हिसावर चला, तिथे कामाचा करून देतो' असे कोणी सांगत असल्यास पैसे देऊ नयेत. थायलंडमध्ये डेटा एंट्रीच्या कामाचे आमिष दाखवून म्यानमार आणि कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या भारतीयांना सोडवून आणावे लागले आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाने याबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत.

नर्सिंगच्या उमेदवारांना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी अद्ययावत ठेवावी लागते. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः जर्मन भाषेची बी२ पातळी लागते, तर ब्रिटनमध्ये आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात ६.५ आणि उरलेल्या तिन्ही विभागांत ७ गुण लागतात. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची परदेशातून नवी भरती बंद केली आहे, त्यामुळे त्या नावाने पैसे मागणाऱ्यांना नकार द्यावा.

आमचे काम आणि त्याच्या मर्यादा

आम्ही फाईल तपासतो, अर्ज भरून देतो, साक्षांकनाची कामे करून देतो आणि मुलाखतीची तयारी करून घेतो. आम्ही भरती एजंट नाही आणि नोकरी लावून देत नाही. व्हिसा मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही. शासकीय शुल्क आपण स्वतःच्या खात्यातून थेट भरावे आणि त्याची पावती आपल्याकडे ठेवावी. आमचे सेवाशुल्क पावतीवर स्वतंत्र लिहिलेले असते. अर्जात दिलेला ईमेल आणि मोबाईल क्रमांक विद्यार्थ्याचाच असावा, म्हणजे दूतावासाचे पत्र आधी त्याच्याच हाती पडेल.

पहिल्या भेटीला येताना दहावीपासूनचे सर्व मार्कमेमो, निर्गम उतारा किंवा टीसी, जन्माचा दाखला, स्वतःचे आणि आईवडिलांचे आधार व पॅन कार्ड, असल्यास पासपोर्ट, मागील सहा महिन्यांचा बँक उतारा आणि शेती असल्यास सातबारा व आठ-अ घेऊन यावे. आम्ही मूळ कागद पाहून, प्रती ठेवून, त्याच दिवशी परत देतो. साक्षांकनासाठी मूळ कागद ठेवून घ्यावे लागल्यास त्यांची यादी करून सहीशिक्क्याची पोच दिली जाते. ती घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.