शासनाची भूमिका : काँग्रेस आणि भाजप यांच्या दृष्टिकोनांतील फरक (मराठवाडा)

सरकारने काय करावे, किती करावे आणि केलेले लोकांपर्यंत कोणत्या वाटेने न्यावे, या प्रश्नांवर भारतीय राष्ट्रीय काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हा फरक तात्त्विक भाषेत क्वचितच मांडला जातो. दुष्काळी कामाचे मस्टर (हजेरीपट), सोसायटीचे कर्ज, पीकविम्याची पावती आणि खात्यात पडणारा हप्ता यांतून तो दिसतो. ‘सरकारने हात आखडता घ्यावा’ असे म्हणून या भागात कोणी मते मागत नाही. वाद असतो तो सरकारने दारात कोणत्या रूपाने यावे याचा.

याचे मूळ प्रदेशाच्या इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याआधी, १९५३ च्या नागपूर करारात, समतोल विकासाचे आश्वासन दिले गेले होते. पुढे संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण यांत प्रदेश किती मागे आहे हे मोजण्याचे काम वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८० च्या दशकात केले आणि ‘अनुशेष’ हा शब्द इथल्या बोलण्यात कायमचा रुजला. अनुशेष म्हणजे राहिलेले देणे. सरकारकडे देणेकरी म्हणून पाहायची ही सवय दोन्ही पक्षांच्या मतदारांत सारखीच आहे, आणि ती रास्त आहे.

काँग्रेसने १९५५ च्या आवडी अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्या विचारात मोठी धरणे, वीज, बँका आणि अवजड उद्योग ही सरकारची कामे. मराठवाड्यात या विचाराचे सर्वांत ठळक रूप पैठणला उभे आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते. शंकरराव चव्हाण यांनी आधी पाटबंधारे मंत्री आणि मग मुख्यमंत्री म्हणून हा प्रकल्प लावून धरला. २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याने परभणीपर्यंत पाणी नेले. धरणाच्या नाथसागर जलाशयासाठी शंभराहून अधिक गावे उठली, हेही याच हिशेबात धरले पाहिजे.

मात्र काँग्रेसच्या दृष्टिकोनाचा खरा कस धरणात नाही, रोजगार हमीत लागला. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली आणि गावेच्या गावे खडी फोडायला बसली. मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (कामावर वाटला जाणारा पौष्टिक आहार) या दोन शब्दांनी आजही म्हातारी माणसे ते वर्ष ओळखतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशावर बीडच्या माळावरची मजुरी निघे, अशी ती रचना होती. महाराष्ट्राने केलेल्या कायद्यांत इतका थोर कायदा दुसरा दाखवणे कठीण आहे.

याच कायद्याच्या अनुभवावर केंद्रातील काँग्रेसप्रणीत सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. माहितीचा अधिकार (२००५), वनहक्क (२००६), शिक्षणाचा हक्क (२००९) आणि अन्नसुरक्षा (२०१३) हे कायदेही त्याच काळातले. ‘हक्क’ हा काँग्रेसच्या या पर्वाचा मध्यवर्ती शब्द होता.

जनसंघ आणि त्यातून १९८० मध्ये झालेल्या भाजपची मांडणी वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. दीनदयाळ उपाध्याय यांच्या एकात्म मानववादात कुटुंब, गाव, समाज या घटकांना राज्यसंस्थेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे. शासनाने शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावे, हा अंत्योदयाचा आग्रह. पण समाजाचे सर्व व्यवहार शासनाने आपल्या हाती घेऊ नयेत, हाही. स्थापनेच्या वर्षी पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता हे आज अनेकांच्या लक्षात नसते. पुढे निर्गुंतवणूक, खाजगी भांडवल आणि २०१४ मध्ये ‘किमान सरकार, कमाल कारभार’ ही घोषणा असा प्रवास झाला. राज्यात १९९५ ते १९९९ या शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात भाजपचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री असताना पाटबंधारे महामंडळे स्थापन झाली, त्यांत १९९८ चे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आले. कृष्णा खोऱ्याच्या महामंडळाने धरणांसाठी रोखे काढून बाजारातून पैसा उभारला. काम सरकारी आणि पैसा बाजाराचा, ही कल्पना तेव्हा नवी होती.

दोन्ही दृष्टिकोन एकाच नाल्यात पाहता येतात. रोजगार हमीवर नाला बांधायचा तर पहाटे टोपली-फावडे घेऊन बाया-माणसे जमत, मुकादम मस्टरवर नावे पुकारी, आठवड्याने मोजमाप होई आणि मातीच्या घनफळावर मजुरी निघे. केंद्रीय कायद्याने तर ठेकेदारच बाद केला. तिथे बांध किती टिकला यापेक्षा घरात ज्वारी आली का, हा प्रश्न मोठा होता. देवेंद्र फडणवीस सरकारने २०१४ च्या अखेरीस आणलेल्या जलयुक्त शिवार अभियानात त्याच नाल्यात पोकलेन उतरला. शंभर माणसांचे कित्येक दिवसांचे काम यंत्राने झपाट्याने उरकले. डिझेलला गावाने वर्गणी केली, संस्थांनी यंत्रे दिली. इथे मोजायचे ते पाणी आणि लोकसहभाग. मजुरी या हिशेबात नव्हती. औरंगाबादचे अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी अभियानाच्या परिणामकारकतेवर ताशेरे ओढले, काँग्रेसचा सहभाग असलेल्या महाविकास आघाडी सरकारने चौकशी लावली आणि सत्ताबदलानंतर अभियानाचा दुसरा टप्पा आला. रोजगार हमीवरही खोट्या मस्टरांचे आरोप पहिल्यापासून होतेच. तरीही हाताला काम आणि शिवाराला पाणी या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरीला बाजूला सारण्याची किंमत कोरडवाहू माणसाने मोजली आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेत रोजगार हमीला काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक म्हटले. पुढच्याच वर्षी मराठवाडा भीषण टंचाईत सापडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. योजना स्मारक ठरवली गेली, पण तेव्हा बंद झाली नाही.

भाजपच्या पर्वाचा मध्यवर्ती शब्द ‘लाभार्थी’. जनधन खाते, उज्ज्वला गॅस, २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये, आणि त्यांत राज्याने २०२३ पासून घातलेले आणखी सहा हजार. पैसा थेट खात्यात, मध्ये कोणी नाही. हा बदल मोठा आहे. पुढाऱ्याच्या वाड्यावर खेटे घालण्यातून अनेकजण सुटले. पण ऊस तोडून, खुरपून रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा सेतू केंद्राच्या यंत्रावर उठत नाही, तेव्हा ती तिसऱ्यांदा हात पदराला पुसते, पोरगा ‘मावशी, उद्या या’ म्हणतो आणि हप्ता अडकतो. कायद्याच्या हक्कासाठी तहसीलवर मोर्चा नेता येतो. यादीतून गळालेल्या नावासाठी कुठे जायचे, हे तिला कोणी सांगत नाही. आधारचे श्रेय वा दोष एकट्या भाजपचा नाही, हे नोंदवले पाहिजे: पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे काँग्रेसप्रणीत सरकारनेच वाटले.

सहकाराबाबत काँग्रेसची परंपरा शासन आणि शेतकरी यांच्यामध्ये कारखाना, बँक, सोसायटी अशी संस्था उभी करण्याची. विलासराव देशमुखांचा मांजरा कारखाना हे त्याचे लातूरमधील उदाहरण. मुंडेंनीही परळीला वैद्यनाथ कारखाना उभारला, आणि २०२१ मध्ये केंद्राने सहकाराचे स्वतंत्र मंत्रालयच काढले.

कर्जमाफीत दोघांच्या भूमिका अशाच जवळ आल्या. २००८ च्या केंद्रीय माफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण सूट होती. कोरडवाहू मराठवाड्यात आठ-दहा एकरांचा धनीही कंगाल असतो, आणि या मर्यादेने तो पूर्ण सूटीच्या बाहेर राहिला. माफी हा उपाय नाही, गुंतवणूक हवी, असे भाजपचे सरकार म्हणत असतानाच जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा संप झाला आणि त्याच सरकारने दीड लाखापर्यंत माफी दिली. २०१९ च्या अखेरीस आघाडी सरकारने दोन लाखांपर्यंत दिली.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने या दोन्ही वाटांना नकार दिला होता. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या तिच्या घोषणेत सरकारने बाजारातून बाजूला व्हावे ही मागणी होती. बाजार समित्यांबाहेर व्यापार खुला करणारे २०२० चे कृषी कायदे भाजपने आणले. काँग्रेसने कडाडून विरोध केला, पण तिच्या २०१९ च्या जाहीरनाम्यातही बाजार समिती कायदा रद्द करण्याचे वचन होते. कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले.

त्यानंतर दोन्ही पक्ष पुन्हा सरकारी भावाकडे आणि खात्यातल्या पैशाकडे वळले. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यातून भाजपचा एकही खासदार निवडून आला नाही. पडलेले सोयाबीनचे दर हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते, मराठा आरक्षण हे दुसरे. विधानसभेआधी भाजपप्रणीत महायुतीने लाडक्या बहिणींना महिना दीड हजार देणे सुरू केले, आघाडीने तीन हजारांचे वचन दिले. सोयाबीनला भाजपने क्विंटलमागे सहा हजारांचा शब्द दिला, काँग्रेसने सात हजारांचा. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर मापाआधी ओलावा मोजला जाई आणि बारा टक्क्यांच्या वर काटा गेला की पोते परत येई. ही मर्यादा पंधरा टक्के करण्याचा आदेश मतदानाच्या तोंडावर, नोव्हेंबरमध्ये निघाला. दिवाळी तोवर होऊन गेली होती, आणि लहान शेतकऱ्यांनी सणाच्या खर्चासाठी आपला माल आडतीवर मिळेल त्या भावाने घालून टाकला होता.