झोपेतील श्वसनरोधाची रुग्णालयातील चाळणी

झोपेत घशाच्या मागचा मऊ भाग सैलावून श्वासमार्ग वारंवार बंद पडणे किंवा अरुंद होणे म्हणजे अवरोधी श्वसनरोध (स्लीप अ‍ॅप्निया). श्वास किमान १० सेकंद थांबला, तर तो एक प्रसंग धरतात. श्वास थांबण्याचे आणि उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. खरे निदान रात्रभराच्या झोप-चाचणीनेच होते. पण प्रत्येक दाखल रुग्णाची ती करणे शक्य नसते. म्हणून धोका कोणाला जास्त आहे, हे आधी प्रश्नावलीने चाळून काढतात. शस्त्रक्रियेपूर्वी हे विशेष गरजेचे असते, कारण भूल, झोपेची औषधे आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामके घशाचे स्नायू आणखी ढिले करतात, श्वासाची प्रेरणा मंदावतात आणि गुदमरल्यावर जागे होण्याची क्षमताही बोथट करतात.

सर्वाधिक रूढ प्रश्नावली स्टॉप-बँग ही आहे. टोरांटो येथील भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात आठ बाबी आहेत: मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा किंवा पेंग, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा) ३५ हून अधिक, वय ५० हून अधिक, मानेचा घेर मोठा असणे आणि पुरुष असणे. प्रत्येक ‘हो’ला १ गुण. ० ते २ गुण कमी धोका, ३–४ मध्यम आणि ५ ते ८ जास्त. मानेच्या घेराची मर्यादा मूळ प्रश्नावलीत ४० सेंमी होती; नंतरच्या आवृत्तीत पुरुषांसाठी ती सुमारे ४३ आणि स्त्रियांसाठी ४१ सेंमी झाली. आपल्या कागदावर कोणती आवृत्ती छापली आहे, हे विभागाने एकदा पाहून घ्यावे. आशियाई लोकांत कमी वजनावरही हा विकार आढळतो, म्हणून तेथे बीएमआयची मर्यादा खाली आणण्याचा विचार होतो.

गुण चुकतात ते बहुधा विचारण्याच्या पद्धतीमुळे. एकटा झोपणारा माणूस ‘मी घोरत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो; शेजारी झोपणाऱ्या नातेवाइकाला विचारल्यावर उत्तर बदलते. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात असला, तरी ते उत्तर ‘हो’च. मान डोळ्यांनी जोखू नये. कंठमण्याच्या पातळीवर टेपने मोजावी.

चाळणी मुद्दाम सैल ठेवलेली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, रक्तदाब असलेल्या पुरुषाला थकव्याची तक्रार जोडताच ४ गुण मिळतात, मग तो घोरत नसला तरी. त्यामुळे आजारी माणूस क्वचित सुटतो, पण विनाकारण धोक्यात गणले जाणारे बरेच असतात. रक्तातील बायकार्बोनेट (शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत राहिल्यास वाढणारा घटक) २८ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून अधिक असेल, तर संशय बळावतो. हृदयविफलता किंवा पक्षाघात झालेल्यांत मेंदूकडून श्वासाची प्रेरणाच खंडित होण्याचा प्रकार आढळतो. त्यासाठी ही प्रश्नावली बनलेली नाही.

केवळ गुण जास्त आले म्हणून शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलत नाहीत. हृदय-फुप्फुसांचा आजार अनियंत्रित असेल किंवा श्वसन पुरेसे होत नसेल, तर गोष्ट वेगळी. एरवी रुग्णाला धोका आहे असे धरून चालतात: शक्य तेथे भागापुरती भूल, पॅरासिटामॉलसारख्या औषधांवर भर, मॉर्फिन कमीत कमी, उताणे न झोपवता कुशीवर किंवा डोके उंच ठेवून, आणि सतत पल्स ऑक्सिमीटर. झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र वापरणाऱ्याने ते मुखवट्यासह सोबत आणावे. ऑक्सिजन चालू असताना मात्र आकड्यावर विसंबू नये. श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचत असतानाही ऑक्सिमीटर बराच वेळ ९५ टक्क्यांच्या वर दाखवतो. श्वसनाची गती आणि रुग्णाची जाग मोजावीच लागते. धोका पहिल्या रात्रीबरोबर संपत नाही, कारण दबलेली स्वप्ननिद्रा पुढच्या काही रात्रींत उसळून येते आणि श्वसनरोध तिसऱ्या रात्रीच्या आसपास वाढलेला आढळतो.

प्रत्यक्षात सर्वांत मोठी गळती कागदावर होते. बाह्यरुग्ण विभागात काढलेला गुण रात्रपाळीच्या परिचारिकेपर्यंत पोहोचत नाही. तो भूलपत्रकावर, औषधतक्त्यावर आणि पाळी बदलतानाच्या नोंदीत असायला हवा; शिवाय सुट्टीच्या कागदावर झोप-चाचणीची शिफारसही. ती चाचणी प्रकृती स्थिरावल्यावर करणे बरे, कारण वेदना आणि औषधे यांमुळे रुग्णालयातील झोप नेहमीसारखी नसते.