जाहिराती दुप्पट, म्हणून कमाई दुप्पट?

‘वेबसाइटच्या पानावर जाहिराती वाढवा, कमाई आपोआप वाढेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हिशेब इतका सरळ नाही.

जाहिरातीची जागा बहुधा लिलावात विकली जाते आणि बोली लावणारा ती दिसते का, हे पाहतो. रूढ निकष असा: निम्मी जाहिरात किमान १ सेकंद पडद्यावर हवी. तळाशी कोंबलेली सहावी जाहिरात कुणाच्या नजरेलाच पडत नाही, मग तिला भाव कुठला?

आणि वाचक? तो ओळ वाचत असतो, वर जाहिरात उशिरा लोड होते, मजकूर खाली घसरतो, बोट भलतीकडेच पडतं. क्लिक मिळतो खरा, पण माणूस वैतागून जातो. नाहीतर जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर बसवतो. मग तुमच्याबरोबर इतरांच्याही जाहिराती गुल.

१५ फेब्रुवारी २०१८ पासून गूगलचं क्रोम ब्राउझरही यात उतरलं. पॉप-अप, आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, मोबाइलवर मजकुराच्या ३० टक्क्यांहून जास्त उंची खाणाऱ्या जाहिराती यांचा अतिरेक सुधारला नाही, तर साइटवरच्या सगळ्याच जाहिराती अडवल्या जातात. साध्यासुध्याही!

दर पानाची नव्हे, दर भेटीची कमाई मोजा. एक जाहिरात काढल्यावर वाचक आणखी दोन पानं वाचत असेल, तर ती जागा तोट्यातच होती.